पलंग निघालेल्या देवाच्या गावी

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा पंढरपुरापाशी येते तेव्हा तिचे पात्र द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखे वळते. त्या वळणापुरते लोकांनी नदीला वेगळे नाव दिले आहे, चंद्रभागा. गाव उजव्या तीरावर आहे. काठावर दगडी घाट आहेत, घाटांखाली वाळवंट आहे आणि वाळवंटात पुंडलिकाचे मंदिर आहे. सोलापूर जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. ज्वारीचा, काळ्या मातीचा आणि पावसाची वाट पाहण्याचा हा मुलूख आहे. आषाढात येथे पाऊस पडलाच नाही तरी नदीला पाणी असते, कारण ते वरच्या अंगाच्या उजनी धरणातून येते. आकाशाने पाठ फिरवली तरी वारकऱ्यांच्या स्नानाची सोय व्हावी, एवढी काळजी आता माणसाने घेतली आहे.

आषाढ शुद्ध नवमीला आळंदीहून, देहूहून आणि इतर ठिकाणांहून निघालेल्या पालख्या पंढरपुराच्या अलीकडे वाखरीला मुक्कामाला येतात. दशमीला त्या गावात प्रवेश करतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. ते पायी चालून आलेल्या माणसाने दशमीच्या रात्री नेमके काय करावे? आपल्या संसारी हिशेबाने त्याने पोटभर जेवावे आणि पाय लांब करून झोपावे. वारकरी मात्र दुसऱ्या दिवशी उपवास धरतो आणि रात्र भजनात जागवतो. थकव्याच्या शिखरावर ठेवलेला हा उपवास समजून घ्यायचा असेल, तर मंदिरात आषाढीच्या काही दिवस आधी घडणाऱ्या एका छोट्याशा विधीपासून सुरुवात करावी लागते.

देवाची झोपमोड

एरवी विठ्ठलाचा दिवस राजासारखा असतो. पहाटे काकडा, मग पूजा, दुपारी महानैवेद्य, संध्याकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. शेजारतीनंतर देव शेजघरातल्या पलंगावर निद्रा घेतो, असा भाव आहे. आषाढी आणि कार्तिकी यात्रा जवळ आल्या की चांगला दिवस पाहून हा पलंग काढून घेतला जातो. पंढरपुरात ‘देवाचा पलंग निघाला’ असे म्हणतात. उभ्या देवाला टेकण्यासाठी पाठीशी मऊ लोड दिला जातो, रुक्मिणीमातेला तक्क्या दिला जातो, आणि तेथपासून यात्रा संपेपर्यंत दर्शन रात्रंदिवस चालू राहते. लांबून चालत आलेल्या लेकरांना दार बंद दिसू नये म्हणून देव झोपणे सोडतो.

येथे एक विलक्षण विसंगती आहे. आषाढ शुद्ध एकादशीला पंचांग ‘देवशयनी’ म्हणते. या दिवशी श्रीविष्णू क्षीरसागरात शेषशय्येवर निद्रिस्त होतात आणि चार महिन्यांनी कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला जागे होतात. या काळाला आपण चातुर्मास म्हणतो. म्हणजे अवघ्या भारतवर्षात ज्या दिवशी देव झोपी जातो, नेमक्या त्याच दिवशी पंढरपुरात त्याचा पलंग काढलेला असतो. शास्त्राने देवाला झोपायला सांगितले आणि भक्तांनी त्याला जागे ठेवले. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याच्या भानगडीत पंढरपूर पडले नाही. दोन्ही खऱ्या मानून ते शतकानुशतके सुखाने नांदते आहे.

या विधीच्या प्रकाशात एकादशीचा उपवास पाहिला की त्याचा अर्थ बदलतो. तो देवाला भुलवण्यासाठी भरलेला कर नव्हे, की पापक्षालनाचा दंडही नव्हे. घरात कुणी जवळचे माणूस रात्रभर उशाशी जागत असेल तर आपल्या घशाखाली घास उतरत नाही. आपणही त्याच्यासोबत जागतो, चहाच्या घोटावर रात्र काढतो. तसा हा सोबतीचा उपवास आहे. देव आपल्यासाठी उभा आहे, मग आपणही आज जेवणाची आणि निजेची गोष्ट बाजूला ठेवू, इतका त्याचा साधा आशय आहे.

‘उपवास’ या शब्दातही हेच दडलेले आहे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे. न खाणे हा या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे. जवळ राहण्याच्या भरात खाण्याचे भान सुटले, म्हणून पुढे न खाण्यालाच उपवास म्हणू लागले. एकादशीच्या संख्येचाही असाच अर्थ सांगितला जातो. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये आणि अकरावे मन. ही अकरा जणांची टोळी पंधरा दिवस चहूकडे धावत असते. एक दिवस तिला एका ठिकाणी बसवायचे. जीभ हे त्यातले एकच इंद्रिय. तिला उपाशी ठेवले आणि उरलेल्या दहांना मोकळे सोडले, तर एकादशी अकराव्या हिश्शानेच झाली.

भगवद्गीतेने या बाबतीत फार स्पष्ट इशारा दिला आहे. दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, निराहार राहणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. सहाव्या अध्यायात तर अती खाणाऱ्याला जसा योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे म्हटले आहे. उपवासाचा आदर करणाऱ्या परंपरेनेच उपवासाच्या अतिरेकावर घातलेली ही मर्यादा आहे.

वाट चालणे हेही लंघन

आषाढात ऋतू पालटतो. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो असे आयुर्वेद सांगतो, आणि मंद अग्नीवर हलक्या आहाराचा व लंघनाचा उपाय सुचवतो. चरकसंहितेत लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांतले चार शोधनाचे आहेत. उरलेले सहा असे : तहान सोसणे, वारा घेणे, ऊन घेणे, पाचन, उपवास आणि व्यायाम. ही यादी वाचताना वारीची वाट डोळ्यांसमोर उभी राहते. दिवेघाटाची चढण, पाठीवरचे ऊन, तोंडावरचा वारा, दिवसभराची पायपीट आणि संध्याकाळच्या पंगतीतले पिठले-भाकरीचे साधे जेवण. ज्याला आपण लंघन म्हणतो ते वारकरी तीन आठवडे चालता चालता करीतच असतो. एकादशी हा त्याचा शेवटचा दिवस असतो. म्हणूनच वारकऱ्याला तो जड जात नाही. शरीराची तयारी आधी झालेली असते.

आपल्या शहरी घरांत मात्र उपवास अचानक येतो. आदल्या रात्री उशिरा जड जेवण होते, दुसऱ्या दिवशी सकाळपासून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वेफर्स, दाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड चकत्या. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही कुणा नास्तिकाने रचलेली नाही. ती उपवास करणाऱ्या घरांतूनच आली आहे.

या फराळाच्या ताटाचा इतिहास गमतीचा आहे. साबुदाणा कसाव्याच्या कंदातल्या पिठापासून बनतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात तयार होतो. तो उद्योग उभा राहिला १९४० च्या दशकात. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि रताळे हेही समुद्रापलीकडून आलेले पाहुणे. म्हणजे आपण ‘परंपरेने चालत आलेला’ म्हणून जो फराळ डोळे मिटून खातो, त्यातला बराचसा ज्ञानोबा-तुकोबांच्या काळच्या स्वयंपाकघराला ठाऊकच नव्हता, किंवा नुकता दाराशी आलेला होता. धान्य वर्ज्य करण्यामागची भावना जुनी आहे. ताटातले पदार्थ बदलत आले आहेत. तेव्हा आपल्या प्रकृतीप्रमाणे ते आपणही बदलले तर परंपरेचा भंग होत नाही.

आहारशास्त्राच्या दृष्टीने साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाच असतात, चोथा तर नाहीच. तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो आणि तितक्याच लवकर भूकही परत आणतो. वरीचे तांदूळ, म्हणजे भगर, राजगिरा आणि शिंगाडा हे त्याहून सरस. राजगिऱ्यात प्रथिने आणि लोह चांगल्या प्रमाणात असते. मात्र भगरीबाबत एक सावधगिरी पाळायलाच हवी. दमट हवेत भगरीला आणि विशेषतः तिच्या पिठाला बुरशी चटकन धरते. उपवासाच्या दिवशी भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. सुटे, जुने किंवा आयते दळलेले पीठ आणू नये. भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळावी व पाकिटावरची तारीख पाहावी.

वाळवंटातला एक प्रसंग

एकादशीच्या दुपारी चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावर, दिंड्यांच्या राहुट्या पडतात त्या पासष्ट एकरांच्या मैदानाजवळ, वैद्यकीय मदतीच्या एका तंबूत पाहिलेला हा प्रसंग. दोन बायकांनी एका सत्तरीच्या आजींना धरून आणले. कपाळावर गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ, अंगाला दरदरून घाम आणि हात थरथरत होते. मधुमेहाची गोळी त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळीच घेतली होती. ‘देवाच्या दारी औषध चुकवू नको,’ असे मुलाने निघताना बजावले होते. पण दशमीच्या रात्रीपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब नव्हता. नातवासाठी त्यांनी निर्जळी एकादशी बोलली होती.

तरुण डॉक्टर बाईंनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ती ५८ होती. ७० च्या खाली साखर गेली की तो धोका मानतात. बाईंनी पेल्यात तीन चमचे साखर घालून पाणी ढवळले आणि पुढे केले.

“घ्या माउली.”

“न्हाई बाई, निर्जळी हाय माझी. बोललेली एकादशी हाय. मोडली तर लेकराला बाधल.”

डॉक्टर बाईंनी समजावून पाहिले. शुद्ध हरपेल, फिट येईल, दवाखान्यात न्यावे लागेल, हे सगळे त्यांनी सांगितले. आजी ओठ घट्ट मिटून बसल्या. त्यांना भीती स्वतःची नव्हतीच. ती नातवाची होती. आणि अशा भीतीला वैद्यकशास्त्राजवळ उत्तर नसते.

तेवढ्यात त्यांच्या दिंडीचे वयस्क विणेकरी आत आले. गळ्यातला वीणा तसाच. ते आजींसमोर जमिनीवर बसले.

“आक्का, किती वाऱ्या झाल्या तुझ्या?”

“बावीस.”

“मग तुला ठावं हाय, यात्रा सरली की देवाला काय देतात?”

आजींनी मान वर केली.

“काढा देतात,” विणेकरी म्हणाले. “रात्रंदिस उभं राहून शिणतो म्हणून देव काढा घेतो. कधी म्हनला का त्यो, माझा नेम मोडंल म्हणून? अन् पुंडलिकानं देवाला इटंवर का उभं केलं? म्हातारी माणसं थकली होती, त्यांची सेवा चालली होती. त्यांचे पाय आधी, देव मागून. तुझा देह त्याच म्हाताऱ्या मायबापासारखा झालाय आता. त्याची सेवा कर. विठ्ठल उभा ऱ्हातो तवर.”

तंबूत काही क्षण कोणी बोलले नाही. बाहेर टाळांचा गजर चालू होता. आजींनी पेला हातात घेतला, त्यावर तुळशीचे एक पान ठेवले, पंढरीच्या दिशेने धरला आणि मग हळूहळू प्यायल्या. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा पाहिली. ती सावरली होती. नंतर त्यांना राजगिऱ्याचा लाडू आणि दूध दिले. जाताना आजी डॉक्टर बाईंच्या पाया पडायला वाकल्या; बाई मागे सरल्या आणि त्यांनीच आजींच्या पायांना हात लावला. वारीत असे उलटसुलट नमस्कार नेहमीच होतात, तेथे वयाचा वा पदव्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

या प्रसंगातला दोष आजींच्या श्रद्धेचा नव्हता. औषध आणि उपवास यांची कोणी सांगडच घालून दिली नव्हती. निरोगी माणसाने एक दिवस खाल्ले नाही तर यकृतातल्या साखरेचा साठा आधी वापरला जातो, तो ओसरत आला की शरीर चरबीकडे वळते. ही व्यवस्था उत्तम चालते. पण मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे पोटात अन्न आहे असे धरूनच काम करतात. अन्न आले नाही तरी त्यांचे काम थांबत नाही. साखर उतरतच जाते. म्हणून ज्यांना अशी औषधे चालू आहेत त्यांनी उपवासाच्या काही दिवस आधी आपल्या डॉक्टरांना विचारून मात्रा आणि वेळा ठरवून घ्याव्यात. स्वतःच्या मनाने औषध बंद करणे हा उपाय नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचे किंवा मुतखड्याचे रुग्ण, वृद्ध, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांनी निर्जळी करू नये. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे ‘तहान लागली नाही’ हा पुरावा म्हणून धरता येत नाही.

पंढरपुरातला दुसरा उपवास

पंढरपूरचा विचार करताना आणखी एका उपवासाचे स्मरण टाळता येत नाही. मंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. भक्तांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागितली असे मानले जाते. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी येथे आणल्या, अशी परंपरा आहे. जिवंतपणी ज्याला मंदिरात प्रवेश नव्हता त्याची समाधी महाद्वारासमोर झाली, पण त्याच्या जातिबांधवांसाठी दार पुढेही शतकानुशतके बंदच राहिले.

ते उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केले. गुरुजींचे मूळ नावही पांडुरंगच, पांडुरंग सदाशिव साने. आधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवण्याचा यत्न केला होता. सुमारे दहा दिवस अन्नावाचून काढल्यावर अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. देश स्वतंत्र होण्याच्या तीन महिने आधी पंढरीचा देव असा मोकळा झाला.

‘उपवास’ आणि ‘उपोषण’ या दोन्ही शब्दांचे मूळ एकच, जवळ राहणे. एकादशी करणारा देवाजवळ राहतो. गुरुजी ज्यांना दाराबाहेर उभे केले होते त्यांच्याजवळ राहिले. दोहोंत फरक आहे, हे खरे. आमरण उपोषण हा सर्वांनी अनुकरण करावा असा आरोग्याचा मार्ग नव्हे, आणि तो घरातल्या रुसव्या-फुगव्यांचे हत्यार तर नव्हेच. पण उपवासाचे मोल कशावर ठरते, याची कसोटी त्यातून मिळते. आपल्या न खाण्यामुळे कोणी जवळ आले का? दुसऱ्याच्या भुकेची, अपमानाची, वाट पाहण्याची जाणीव आपल्याला झाली का? झाली असेल तर उपवास फळला. नाहीतर ते केवळ एका वेळचे जेवण चुकणे होय.

वारीत ही कसोटी पदोपदी लागते. दर्शनाची रांग मंदिरापासून गोपाळपुराच्या दिशेने पत्राशेडपर्यंत जाते आणि पदस्पर्शासाठी कित्येक तास उभे राहावे लागते. पुष्कळ वारकरी ती रांग धरतच नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, कळसाकडे पाहून हात जोडतात आणि ‘झाले दर्शन’ म्हणून परत फिरतात. वीस दिवस ज्याच्यासाठी चालले, त्याला डोळ्यांनी पाहण्याचा हट्टही ते सोडतात, आपली जागा दुसऱ्या कुणाला मिळते म्हणून. एकादशीच्या उपवासाचा कदाचित हा सर्वांत सूक्ष्म प्रकार असेल.

पारणे, काला आणि काढा

उपवास कसा सुटतो यावरही त्याचे हित अवलंबून असते. द्वादशीला सकाळी पारणे फेडतात. आयुर्वेद आणि आधुनिक आहारशास्त्र येथे एका मताचे आहेत की, रिकाम्या पोटावर एकदम जड अन्न लादू नये. आधी कोमट पाणी, मग पेज, मऊ भात व वरण, ताक आणि थोड्या अवधीने बाकीचे जेवण, असा क्रम ठेवावा. पारण्याचे पक्वान्न करायचेच असेल तर ते बेताने खावे.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. लाह्या, दही आणि ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवायचे आणि एकमेकांच्या मुखात घालायचे. एकादशीला सगळे मिळून उपाशी राहिले, पौर्णिमेला सगळे मिळून खातात. कोणाचा घास कोणत्या घरचा, हे कालवल्यावर ओळखता येत नाही. उपवासाचे उद्यापन इतके सुंदर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. काला झाला की पालख्या परतीला लागतात. प्रसादाचे चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याच्या पुड्या पिशव्यांतून गावोगाव जातात. वाळवंट रिकामे होते, गाव झाडून निघते.

आणि मग मंदिरात प्रक्षाळपूजा होते. गाभारा आणि मंदिर धुऊन स्वच्छ करतात. असंख्य मस्तके टेकून झालेल्या देवाच्या चरणांना लिंबू व साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात. नवा पोशाख होतो, पुरणपोळीचा नैवेद्य होतो, पलंग पुन्हा शेजघरात येतो, राजोपचार पूर्ववत सुरू होतात. रात्री शेजारतीला औषधी वनस्पती आणि मसाल्याचे पदार्थ उकळून केलेला काढा देवाला दाखवला जातो. दिवसरात्र उभे राहून आलेला शिणवटा जावा, हा त्यामागचा भाव.

देवालाही शीण येतो आणि तो घालवण्यासाठी औषध लागते, हे मानणारी ही श्रद्धा भाबडी वाटेल. पण तिच्यात आरोग्याचे मोठे शहाणपण आहे. जागरणानंतर निद्रा, उपवासानंतर पारणे, श्रमानंतर चरणसेवा आणि काढा. देवाच्या वेळापत्रकात दुसरा भाग कधीही वगळला जात नाही. आपण मात्र पहिल्याच भागाला भक्ती समजतो आणि दुसऱ्याला लाड. घरातली आई नवरात्राचे नऊ दिवस उपवास करते, नऊ दिवस सगळ्यांचा स्वयंपाकही करते आणि दहाव्या दिवशी सणाचे ताट वाढते. तिची प्रक्षाळपूजा कोणी करीत नाही.

म्हणून येत्या एकादशीला घरातल्या प्रत्येकाने आपापल्या प्रकृतीला शोभेल असा नेम घ्यावा. धडधाकट असेल त्याने एकभुक्त राहावे किंवा फळे, दूध, ताक यांवर दिवस काढावा. ज्याला औषध चालू आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर खावे आणि त्या दिवशी वाणीचा उपवास करावा. कटू बोलू नये, तासभर मौन पाळावे. मुलांनी पडद्यापासून दूर राहावे. सर्वांनी पुरेसे पाणी प्यावे. वाचलेल्या जेवणाचे धान्य ज्याला गरज आहे त्याच्याकडे पोचवावे. आणि ज्या घरात वडीलधाऱ्यांनी निर्जळी धरली असेल, तेथे सुना-मुलांनी वाद घालण्याऐवजी दुपारी त्यांच्या शेजारी जाऊन बसावे, पाय चेपावेत आणि पंढरीच्या देवाच्या काढ्याची गोष्ट सांगावी. गोष्ट संपेपर्यंत पाण्याचा तांब्या हाताशी भरून ठेवावा.